दोरीवरचे कुर्ते

समोरच्या गच्चीवर हल्ली खादीचे कुर्ते वाळतात. शेजारचा निखिल कॉलेजात जाईपर्यंत तिथे क्रिकेटचे टीशर्ट असायचे. आता तो जेवताना वडिलांना शोषण म्हणजे काय ते समजावतो, आणि वडील म्हणतात, "आधी भात संपव." मला मजा वाटते. नवी मतं नव्या खादीसारखी असतात. टोचतात, म्हणून मान ताठ राहते. धुऊन धुऊन मऊ झाली की माणूस माझ्यासारखा खिडकीत बसतो.

आज आभाळ भरून आलं. "निखिल, कपडे काढ रे!" त्याची आई ओरडली.

"थांब गं आई, संध्याकाळच्या सभेचं भाषण लिहितोय. घरकामाच्या समान वाटणीवर!"

शेवटी तीच वर आली. चादरी काढल्या, नवऱ्याच्या विजारी काढल्या, आणि कुर्ते तेवढे दोरीवर ठेवून शांतपणे खाली गेली.