पानफुटीला आवतण

आमच्या आईकडे मुतखड्याचं औषध आहे. कशेळ्याच्या आसपासच्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक. कुणाच्या कमरेत कळ मारली की माणूस डॉक्टरच्या आधी आमच्या मागच्या दारी येऊन उभं राहतं. औषध म्हणजे मोरीच्या पाण्यावर माजलेली पानफुटी. तिचं पान मातीवर पडलं तरी त्याच्या कडेनं नवी रोपं फुटतात, म्हणजे कुणीही लावावी आणि खावी. पण आईच्या हातचं पान लागू पडतं अशी ख्याती आहे आणि ती ख्याती आईला मनापासून आवडते. पैसे ती घेत नाही. मान मात्र पुरेपूर घेते.

त्यामुळे तिची स्वतःची कंबर दुखू लागली, लघवी लालसर होऊ लागली, तेव्हा निदान तिनंच करून टाकलं होतं. मी भिसेगावात राहते, खालापूरला शाळेत शिकवते. भांडभांड भांडून मी तिला सोनोग्राफीसाठी कर्जतला आणलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत थांबवून घेतलं. उजव्या किडनीवर गाठ दिसत होती. "कॅन्सर असेलच असं नाही, पण नाही असंही आज सांगता येणार नाही," ते म्हणाले. पनवेलला सीटी स्कॅन करायचा, तिथल्या सर्जनना दाखवायचं आणि उशीर करायचा नाही.

बाहेर आले तर आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. माझ्या तोंडाकडे बघून तिनंच विचारलं, "खडाच हाय ना?"

माझी मान हलली. मी हलवली असं म्हणवत नाही, पण हलली.

"मग येवढं तोंड कशाला पाडलंस? मी हाय ना," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला पुढे निघालीसुद्धा.

नेरळला राहणाऱ्या भावाला फोन केला. तो म्हणाला, बरं केलंस, कॅन्सर म्हटलं की ती हाय खाईल, नक्की कळेपर्यंत एक अक्षर बोलू नकोस. त्याला तिकडे बसून सांगायला काय जातंय! आईला पनवेलला न्यायचं होतं मला. आणि मुतखड्यासाठी आमची आई पनवेलला जाणार होती थोडीच?

"लोकांचे खडे मी पाडते, आन् माझा खडा घेऊन मी पनवेलला जाऊ? लोक तोंडात शेण घालतील," ती म्हणाली. पुनवेपर्यंत पाला खाते, मग बघू, हा तिचा निकाल. मी म्हटलं, खडा मोठा आहे. ती म्हणाली, मग चार पानं जास्ती खाईन. मी म्हटलं, अवघड जागी आहे. ती म्हणाली, पाण्याला वाट सापडते तशी पाल्यालाही सापडते. माझ्या प्रत्येक थापेला तिच्याकडे पान तयार होतं.

इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर ती खचणार, न सांगावं तर ती पाला चघळत बसणार आणि आत ती गाठ आपल्या मनानं वाढणार. गावात बातमी फिरली तशी घराघरांतून खड्यावर उतारा म्हणून कुळीथ यायला लागले. आई कढण करायची, मी कशेळ्याला गेले की मलाही वाटीभर द्यायची आणि समोर बसून प्यायला लावायची. मी ते गिळत होते, हसत होते, "छान झालंय" म्हणत होते. रडायचं म्हटलं तर जागा नव्हती. घरात माझी मुलं, शाळेत दुसऱ्यांची. शाळेच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडून घ्यावं तर बाहेरून शिपाईबाई हाका मारायच्या, "मॅडम, पाणी वाया चाललंय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एका शनिवारी अर्धी शाळा करून मी आईकडे गेले, तर आईनं ताटलीत हळद-कुंकू आणि तांदूळ काढून ठेवलेले. औषध देणाऱ्याला स्वतःच्या हातचं औषध लागू पडत नाही, दुसऱ्याच्या हातून घ्यावं लागतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो हात माझा असणार हे मात्र सुचलं नव्हतं.

"आज आवतण दे, सकाळी पान तोड. नायतरी माझ्यामागं तुलाच द्यायचं हाय," ती म्हणाली.

हे 'माझ्यामागं' ती अगदी सहज बोलली, आणि ताटली माझ्या हातात दिली.

आवतण म्हणजे झाडाला आदल्या सांजेला बोलावणं. कुंकू लावायचं, तांदूळ ठेवायचे, आणि कुणासाठी, कुठल्या दुखण्यावर नेणार ते मोठ्यानं सांगायचं. झाडाशी खोटं बोललं तर औषध लागत नाही आणि बोलणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं आई सांगते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी विज्ञान शिकवते. मोरीपाशी उकिडवी बसताना मला वाटलं, एक वाक्य तर बोलायचंय. इतक्या दिवसांत इतकं खोटं बोलले, त्यात हे एक.

कुंकू लावलं. तांदूळ ठेवले. "माझ्या आईसाठी," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द फुटेना. झाडाची भीती नव्हती वाटली. आईची वाटली. आता 'खडा' म्हटलं की उद्या माझ्याच हातानं तिला ते पान भरवायचं, आणि माझा हात म्हणून ती ते पुनवेपर्यंत विश्वासानं खाणार.

ती माझ्या पाठीशी उभी होती. "सांग की गं तिला. काय हाय मला?"

"गाठ आहे," मी पानफुटीला सांगितलं. "उजव्या किडनीवर. कॅन्सर असेल, नसेल, माहीत नाही. पनवेलला जायला पाहिजे आणि ही येत नाही."

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग माझ्या खांद्यावर भार देऊन ती खाली वाकली आणि झाडाशीच बोलली, "ऱ्हाऊ दे गं बाय. हे तुझ्याच्यानं व्हायचं नाय."

खांद्यावरचा हात तिनं काढला नाही. "त्या दिवसापासनं येकटीच घेऊन फिरतेस व्हय हे?"

मी तिथेच मोरीत बसून रडले. ती रडली नाही. "मला भ्या वाटतं गं," एवढंच म्हणाली. आईच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, आणि मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी कशेळ्याच्या नाक्यावर आम्ही जीपची वाट बघत होतो. आईकडून कधीकाळी पाला नेलेली एक बाई समोरून आली. "कुठं निघाल्याव मायलेकी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पनवेलला. मला खडा झालाय, दाखवून येतो."

"तुमाला?" ती बाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. "म्हंजे आमाला नुस्ताच पाला चारलात म्हनायचं!"

आईही हसली. लोक तोंडात शेण घालतील म्हणून जी घराबाहेर पडत नव्हती, ती ते हसत हसत खात होती. जीप आली. दाटीवाटीनं आम्ही मागे बसलो आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"कुनी इचारलं तर तू पन खडाच सांग," ती माझ्या कानाशी म्हणाली.

मी मान हलवली.