रेडिएटरमधली गंगा

चहा घ्या आधी. ही फजिती सांगायचासुद्धा आता कंटाळा आला आहे. पण बायकोनं सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी!

माझी गाडी जुनी. लग्नाइतकी जुनी नाही, पण तापते तशीच. रेडिएटरमधलं पाणी तापलं की ज्या बाटलीत येतं आणि निवलं की परत जातं, ती बाटली तडकली. आमच्या अमरावतीचा मिस्त्री म्हणाला, "सर, ही बाटली आता कुठीच भेटत नाही. घरचा एखादा डबा लावून टाका."

मी उष्णतागतिकीत डॉक्टरेट केलेला माणूस. जन्मभर कॉलेजात हेच शिकवलं. डबा लावायला घाबरायचं कशाला? घाबरलोच! दोन दिवस नुसत्या आकृत्या काढल्या. मग कोठीत पांढरा प्लास्टिकचा कॅन सापडला. आत थोडं स्वच्छ पाणी होतं. फेकायचं कशाला? रेडिएटरमध्ये ओतलं. झाकणाला भोक, भोकात नळी, कॅनमध्ये हिरवं कूलंट, आणि कॅन बॉनेटखाली पक्का.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला मेहुण्याच्या घराची वास्तुशांत. बायको गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर पाय लांब करून बसते. तिथूनच तिनं विचारलं, "कोठीतला कॅन घेतला नं?"

माझ्या कामाची दखल! मला भरूनच आलं.

"घेतला. बसवलासुद्धा."

"कुठी?"

"पुढं."

"सांडन गिंडन तं नाही नं?"

"छे! तारेनं आवळलाय."

"बाप्पा! एवढी काळजी घेतली तुमी!"

मूर्तिजापूर गेलं तरी ती माझ्याशी गोडच बोलत होती. तेव्हाच शंका यायला नको होती का मला?

अकोल्यात गुरुजी कलश मांडून तयार. बायको सगळ्यांना सांगू लागली, "आईनं हरिद्वारहून गंगाजल आणलं होतं. माह्या पोराच्या नव्या घरात शिंपडजो म्हणून माह्याजवळ ठेवून गेली बिचारी. अहो, आणा तो कॅन!"

मी बॉनेट उघडलं. सगळं घर गाडीभोवती. मेहुणा आत वाकला.

"भाऊजी, गंगा हिरवी कावून दिसून राहिली?"

"ते कूलंट आहे."

"मंग गंगा?"

मी रेडिएटरकडे बोट दाखवलं.

बायको ओरडली असती तर परवडलं असतं. तिचे डोळे भरले होते, आणि मला बॉनेटमध्येच शिरून झाकण लावून घ्यावंसं वाटत होतं.

शेवटी गुरुजीच म्हणाले, "ताई, आईचं पाणी तं दारात आलं नं? शिंपडता येत नाही, तं फिरवा घराभोवती!"

नव्या लेआउटमधलं घर, चारी बाजूंनी मोकळं. मी पहिल्या गिअरमध्ये प्रदक्षिणा घातली. मेहुणा गाडीपुढं चालत, बायको मागच्या सीटवर घंटी वाजवत. तिसऱ्या फेरीला ती हसली. सुटलो, म्हटलं!

निघताना गाडीचं दार उघडलं, तर मागून बायकोचा आवाज.

"थांबा! चप्पल काढा. गंगा हाये आत."

तेव्हापासून मी अनवाणीच गाडी चालवतो. वऱ्हाडातल्या उन्हात उभ्या गाडीचं क्लचचं पेडल कसं तापतं, माहीत आहे? जन्मभर जे पोरांना शिकवलं, ते आता माझ्या तळपायांना समजतं आहे.