दिलवरचा निरोप

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर खिशातली सुपारीसुद्धा लपत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात — नाव राहू द्या — मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. वर्षं उलटली तरी कोणी कायम करेना, म्हणून आम्ही कृती समिती काढली. मी सचिव झालो. कर्तबगारी काही नाही, अक्षर बरं होतं एवढंच. आम्ही बहुतेक तापीकाठचे, कुठून ना कुठून एकमेकांचे सोयरे. डोंगरातला एकटा दिलवर, धडगावकडचा पावरा आदिवासी. भूगोल शिकवायचा. घोषणा द्यायला उभा राहिला की त्याच्यापुढे आमचे सगळ्यांचे आवाज पडायचे.

त्या वर्षी विद्यापीठाचं तपासणी पथक येणार होतं. ते आलं की फाटकात ठिय्या मांडायचा, असं आम्ही गुपचूप ठरवलं. काळ्या फिती लावून बसलोही — आणि समोर एकटा शिपाई, तंबाखू मळत! पथक आदल्याच दिवशी येऊन, जेवून निघून गेलेलं. आमच्यातलाच कोणीतरी फुटला होता.

कोण? दिलवर. त्याच आठवड्यात त्याला प्राचार्यांच्या केबिनमधून निघताना दोघांनी पाहिलं होतं. बस, एवढंच. आमच्यापैकी कोणी त्या केबिनमधून निघाला असता, तर कोणाच्या मनात तरी आलं असतं का? समितीने त्याच्या घरच्या पत्त्यावर नोटीस धाडली: सात दिवसांत सभेपुढे खुलासा करा, नाहीतर सदस्यत्व रद्द.

नेमकी होळी आली. तुम्हाला सपाटीवरची होळी माहीत असेल — एक दिवसाची, पुरणपोळीची. डोंगरात तसं नसतं. होळीची मानता, म्हणजे नवस असलेला माणूस पाळणी धरतो. पाच दिवस घरात पाय ठेवायचा नाही, खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल नाही. गाव सोडून जायचा तर प्रश्नच नाही. दिलवरने बापाच्या दुखण्यासाठी मानता घेतली होती. प्राचार्यांकडे तो गेला होता तो त्या सुट्टीचा अर्ज द्यायला. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून — धापा टाकत होता. सभा पाच दिवस पुढे ढकला, म्हणाला, मी येतो, समोरासमोर बोलू.

मी म्हणालो, सांगतो.

आणि सभेत — नाही सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "पोटमा पाप शे म्हनीसन उना नही." पोटात पाप, म्हणून आला नाही. मी मान खाली घालून लिहीत होतो. काय लिहीत होतो? 'अनुपस्थित. निरोप नाही.' माझ्याच त्या बऱ्या अक्षरात.

का, विचाराल. भीती होती. दिलवर आला असता तर पहिला प्रश्न त्यानेच विचारला असता — मी नाही, तर मग कोण? आणि कोण ते मला माहीत होतं. ठिय्याच्या चार दिवस आधी नात्यातल्या एका साखरपुड्यात मी आमच्या उपप्राचार्यांच्या शेजारी जेवायला बसलो होतो. लांबच्या नात्याने ते माझे दाजी. मोठेपणा मिरवायची खाज — दुसरं काय! "दाजी, पथक येईल त्या दिवशी बघा आमची गंमत," असं म्हणून बसलो. त्यांनी आणखी एक जिलबी वाढायला लावली आणि हसत हसत सगळं काढून घेतलं.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ठरावाला हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही हात वर केला. न करून कसं चाललं असतं? सगळे बघत होते.

पुढच्या जूनमध्ये दिलवरला तास मिळाले नाहीत. समितीनेच ज्याला काढलं, त्याच्यासाठी भांडणार कोण? तो गावी गेला, बापाबरोबर शेती बघू लागला. आम्ही तिघे-चौघे यथावकाश कायम झालो. त्यात मीही.

मागच्या महिन्यात खापर गावच्या बाजारात तो भेटला. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानेच हाक मारली. हात धरला, चहा पाजला. मग हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी सभामा मन्हाकरता तुम्ही एकलाच बोलनात ना? माले मालूम शे."

मी 'हो' म्हणालो.

मग तो शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळून पावरी बोलीत काहीतरी बोलला. तो त्याचा बाप. म्हाताऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवली, काठीला टेकून उठला आणि मला हात जोडले. मी तो नमस्कार घेतला.