दुपट्ट्याखाली ठरलेले पाच दिवस

बोरी अरबच्या बैलबाजारात एका शेतकऱ्याशी सौदा चालू होता. दोघांचे हात दुपट्ट्याखाली, बोलणं सगळं बोटांनी. तेवढ्यात नेरहून फोन आला, गजभिये सर गेले. मी हात बाहेर काढला. ठरण्याआधी हात काढला की आमच्यात सौदा मोडतो. मोडला... मोडू दिला.

महिना झाला, राग उतरलेला नाही. नेरच्या ज्या कॉलेजात सर अकरावी-बारावीला इंग्रजी साहित्य शिकवत, तिथल्या शोकसभेत जो उठला तो म्हणाला, सर फार मवाळ, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. साफ खोटं. त्यांच्याइतका चिवट सौदा करणारा मी उभ्या बाजारात पाहिला नाही.

मी अकरावीत हा विषय घेतला तेव्हा वर्गात आम्ही सहा जण होतो. ऑफिसातला बाबू फॉर्म पाहून हसला होता, "बैलाच्या दलालाच्या पोराले हे कायले पाहिजे?" महिनाभरात बाबांनीही मला काढून धंद्याला लावलं. सहाचे पाच झाले की वर्ग बंद होणार होता. पुढच्या बाजारी सर थेट बाबांसमोर येऊन बसले, नवाकोरा दुपट्टा खांद्यावरून काढून दोघांच्या हातांवर टाकला. चहावाल्याकडून आठ दिवस ते बोटांच्या खुणा शिकत होते, हे मला मागाहून कळलं. आठवड्यातले किती दिवस पोरगं कॉलेजात, एवढाच सौदा. बाबा दोनावर अडले, सर सहावर. दोनदा चहा झाला. शेवटी बाबाच हसले.

"मास्तर, तुमी चुकून शाळेत गेले. न्या पाच दिवस."

त्या पाच दिवसांत सरांनी मला पिळून काढलं. कविता आधी आपल्या वऱ्हाडीत सांगायची, मगच इंग्रजीत लिहायची. एकदा मी गाइडातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. वही परत करत ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बैलाचे दात कायले दाखवून राह्यला? तुह्या बैलाचे दाखव." मी वही फेकली, आठवडाभर बोललो नाही. मग चिडूनच स्वतःचं उत्तर लिहिलं. चुकांनी भरलेलं होतं. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, बाबूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सर निवृत्त झाले त्याच वर्षी कॉलेजने तो विषय बंद केला. मुलं मिळत नाहीत म्हणे. शोकसभेत मी उभं राहून विचारलं, पुन्हा कधी सुरू करता? ही वेळ नव्हे, म्हणून मला खाली बसवलं.

मग वेळ मीच काढली. सरांच्या पत्नीकडून तो दुपट्टा मागून आणला, प्राचार्यांच्या टेबलावर पसरला आणि खाली हात घातला.

"किती पोरं पाहिजे, बोटावर सांगा. मी आणतो."

ते कागद चाळत राहिले. कुलूप लावायला शिपाई आला तेव्हा कुठे मी उठलो. आता दर सोमवारी जातो, तोच दुपट्टा पसरतो. प्राचार्यांनी अजून हात घातलेला नाही. मीही माझा काढलेला नाही.