हळदीनं शिकवलेलं त्रैक्य

तरुणपणी मी वसमतच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत रविवारची शाळा घ्यायची. त्रैक्य समजलेली बाई अख्ख्या मराठवाड्यात आपणच, असा माझा समज होता. ओली हळद, शिजवून वाळवलेली हळद आणि दळलेली हळद लेकरांपुढं मांडायची आणि सांगायची, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, असा एकच देव. पाळक म्हणाले, "बाई, तिघं एकाच वेळी असतात, हळदीसारखं रूप बदलत नाहीत." मी कशाला ऐकते? शहाणी ना मी.

त्याच शाळेत बसलेला माझा एकुलता मुलगा हैदराबादेहून मॉर्मन पंथाचा होऊन आला. त्यांच्यात पिता, पुत्र आणि आत्मा तिघं वेगवेगळे, मतानं तेवढे एक. पित्याला तर हाडामांसाचं शरीरही आहे म्हणे.

"काहून बदललास रे?" मी विचारलं.

"आई, तुझी हळद एकच होती. मग क्रुसावर जायच्या आदल्या रात्री येशू बागेत प्रार्थना कोणाला करून राहिला होता? स्वतःलाच?"

"व्हय बाबा, तुझ्या हुशार आईला हे सुचलंच न्हाई," म्हणून मी हसले. तो हसला नाही.

आता जेवणाआधी तो त्याची प्रार्थना करतो, मग मी माझी. एकमेकांच्या प्रार्थनेला आम्ही आमेन म्हणत नाही. भाजी निवून जाते.

परवा विचारलं, "मला पुरताना प्रार्थना कोण करील?"

"मीच की, आई."

कोणत्या देवाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही.