पोरांचे मोबाइल आणि आमची व्हॅन

मी कळंबहून निघून कडाव करत कर्जतपर्यंत शाळेची व्हॅन चालवते. आधी नवरा चालवायचा. त्याची पाठ धरली आणि स्टिअरिंग माझ्याकडे आलं. ड्रायव्हरला कान नसतात, अशी पोरांची पक्की समजूत असते. त्यामुळे किस्से शोधायला मला कुठं जावं लागत नाही. शाळेत बाईंना कळत नाही, घरी आईला कळत नाही, ते सगळं माझ्या पाठीमागे मोठ्या आवाजात चालू असतं! हल्ली त्यातलं निम्मं मोबाइलचं.

*

दुसरीतली ओवी एकदा चढल्या चढल्या म्हणाली, "आमच्या पप्पांच्या मोबाइलचा पासवर्ड म्हणजे माझा वाढदिवस!"

आदल्याच दिवशी तिनं अख्ख्या व्हॅनला चॉकलेटं वाटली होती. म्हणजे तारीख सगळ्यांना पाठ. संध्याकाळी मी तिच्या पप्पांच्या कानावर घातलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या पासवर्ड बदलला आणि ओवीला बजावलं, "हा कुणाला सांगायचा नाय!"

दुसऱ्या दिवशी ओवी गप्प बसलेली. पोरं मागे लागली, "सांग ना गं!"

"नाय सांगणार," ओवी म्हणाली. "मम्मीचा वाढदिवस मी कुणालाच सांगणार नाय!"

*

कडावच्या आरुषचे आजोबा भातशेतीवाले, आवाज खणखणीत. पालकसभेत बाईंनी सांगितलं, "पोराच्या हातात नुसता मोबाइल देऊन मोकळे होऊ नका. काय बघतोय ते शेजारी बसून बघा." आजोबांनी ते मनावर घेतलं. सकाळी आरुष खात असला की आजोबा शेजारी. एकदा कार्टूनच्या मध्येच भलतंच काहीतरी सुरू झालं, तेही त्यांनीच बंद केलं.

एका सकाळी मी हॉर्नवर हॉर्न देतेय. आरुष दप्तर अडकवून ओट्यावर उभा. रस्ता ओलांडून त्याला आणतात आजोबा, आणि आजोबांचाच पत्ता नाही!

"आजोबा कुठं रं?"

"आत हायेत काकी. त्यांचं कार्टून संपायचंय!"

आतून आवाज आला, "थांब गं जरा! त्या उंदराला बाहेर तर पडू दे!"

*

पहिलीतल्या स्वराच्या आईला स्टेटस टाकायची भारी हौस. लेकीचा युनिफॉर्म, आमची व्हॅन, डबा, घरातलं मांजर, सगळं जगाला दिसायचं.

एका दुपारी स्वराच्या स्टॉपवर बाइकवाला एक तरुण पुढं आला. "स्वरा, चल, मी मामा. गाडीवर सोडतो घरी."

स्वरानं माझी ओढणी घट्ट धरली.

"अगं, खरंच मामा हाय! तुमच्या मांजराचं नाव चिकू. आज तुझ्या डब्यात थालीपीठ होतं. पटलं?"

मी तिच्या आईला फोन लावला, स्पीकरवर. आवाज ऐकून ती म्हणाली, "अगो बाई, हा तर खालापूरचा आमचा संतोष! चुलत भाऊ हाय माझा. पण काय रं, तुला डब्यातलं थालीपीठ कसं कळलं?"

"ताई, तूच सकाळी स्टेटसला टाकलंस ना!"

दुसऱ्या दिवसापासून तिच्या स्टेटसला नुसतं गुलाबाचं फूल.

*

डोंगरावरच्या वाडीतला गणेश फाट्यावर चढतो. त्याची आई त्याला सोडायला खाली उतरते. एकदा बाकीच्या आया तिथं उभ्या राहून मोबाइलचं रडगाणं गात होत्या. एकीनं तिला विचारलं, "तुमचा गणेश कसा काय गं मोबाइल मागत नाय?"

"आमच्याकडं रेंजच नाय."

सगळ्या हसल्या. "नशीबवान हायेस!"

ती हसली नाही. "वर टॉवरचं काम सुरू झालंय. टॉवर आला की पोराला काय दाखवायचं, काय नाय, ते आत्ताच सांगून ठेवा मला."

आमच्यात कुणीच हे आधी विचारलं नव्हतं!

*

मानसी चौथीत. आई सुनीता कळंबजवळच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये कामाला. राहायला मागेच खोली, आसपास खेळायला एकही पोर नाही. एके दिवशी मानसी व्हॅनमध्ये शेजारी बसलेल्या मुलीला सांगत होती, "माझी गेममध्ये मैत्रीण हाय, परी. ती पण चौथीतच हाय."

मानसी शेवटच्या स्टॉपची. व्हॅन रिकामी झाल्यावर मी सहज विचारलं, "कशी दिसते गं परी?"

"गोड! तिनं फोटो पाठवलाय ना. युनिफॉर्ममधला, दोन वेण्या घातलेला."

"आणि तू?"

"मी उद्या पाठवणार हाय. पण मम्मीला सांगायचं नाय, असं परी म्हणाली."

गाडी गेटाशी लावली आणि तिच्याबरोबर आत गेले. ऐकताच सुनीतानं हात उगारला. मी तो धरला. "सुनीता, आता मारलंस तर पुढच्या वेळेला ही काय सांगायची नाय."

ती खाली बसली. लेकीला म्हणाली, "नाय मारत. दाखव मला."

मेसेज आधी होमवर्कचे. मग फ्रॉकचे. मग "घरी कोण असतं?", "मम्मी कामावरून कधी येते?" सुनीता सगळं पुसून टाकायला निघाली होती. "ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "पोलिसांना दाखवायला लागंल."

सकाळी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मॅडमनी मानसीला शेजारी खुर्ची दिली, सगळे मेसेज वाचले, तक्रार लिहून घेतली. म्हणाल्या, "तू काही चुकीचं केलं नाहीस, बाळा. सांगितलंस ते फार बरं केलंस. पण परी नावाची कुणी मैत्रीण नाही. कुणीतरी मोठा माणूस तुझ्याशी खोटं बोलत होता."

सुनीतानं लेकीला जवळ घेतलं. मॅडमनी मोबाइल परत दिला. आम्ही उठलो.

मानसी मात्र खुर्चीतून उठेना.

"मॅडम," ती म्हणाली, "मग त्यानं पाठवलेल्या फोटोतली मुलगी कोण हाय?"

मॅडमनी मोबाइल परत मागून घेतला.