अण्णांचे वेढे

अण्णांचा डावा हात वर झाला की गिऱ्हाइकानं गप्प उभं राहायचं, हे सुभाष रोडच्या आमच्या बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा अण्णांचा धंदा. उजव्या हातानं ते यंत्राचा दांडा फिरवायचे आणि तांब्याची तार साच्यावर चढत जायची. त्यांच्या समोरच माझं झेरॉक्सचं दुकान.

घरी मराठी बोलणारा हा माणूस तारेचे वेढे मात्र कन्नडातच मोजायचा. "ऐवत्तारु, ऐवत्तेळु..." काम कन्नड उस्तादाच्या हाताखाली शिकलेलं. आकडा दाखवणारं मीटर त्यांनी यंत्राला कधी लावलंच नाही. एकदा खुद्द व्याही दारात आले, तर त्यांनाही हात दाखवून उन्हात उभं केलं. व्याही रुसले. अण्णा एवढंच म्हणाले, "मोजायलो होतो की."

दोनेक वर्षांपूर्वी ते मोजता मोजता मध्येच थांबू लागले. साच्याकडे बघत बसायचे, मग सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वेढे कमी पडले की मोटार तापते आणि जळते. त्यांनी भरलेल्या मोटारी परत येऊ लागल्या, मग गिऱ्हाइकंच येईनात.

मी मोठा शहाणा. त्यांना धीर यावा म्हणून आमची पाण्याची मोटार त्यांच्याकडे भरायला दिली. घरी आणून बसवली, ती चार दिवसांत जळाली. मी ती गुपचूप हुबळीला नेऊन भरून आणली आणि अण्णांना सांगितलं, झकास चालतेय. त्यांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू तुम्हाला! येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत सुटले.

आणि एका रविवारी ती मोटार बघायला घरी आले. झाकण उघडलं. वेटोळ्यांना दोरा बांधताना प्रत्येक कारागिराची गाठ निराळी असते, हे मला कुठलं ठाऊक?

"ही गाठ माझी नव्हे," अण्णा म्हणाले. झाकण परत लावत त्यांनी विचारलं, "बाकीचे पण असंच सांगायलेत काय मला?"

चहा न घेताच ते गेले, आणि त्यानंतर दुकान उघडलं नाही. मोटार जळाली असं मी सरळ सांगितलं असतं, तर चिडले असते, शिव्या दिल्या असत्या, पण पुन्हा भरायला बसले असते. तेवढंही मी त्यांना करू दिलं नाही. याची लाज माझ्या मनातून जात नाही.

आता ते घरीच असतात. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून अक्का, त्यांच्या पत्नी, जुनी तार आणि साचा पुढ्यात ठेवतात. अण्णा गुंडाळत राहतात, मोजत नाहीत. दुपारी त्यांचा डोळा लागला की अक्का ती सगळी सोडवतात आणि उठायच्या आत पुन्हा रिळावर चढवून ठेवतात.

परवा गेलो तर मला ओळखलं नाही. "कुणाची मोटार ही?" त्यांनी अक्कांना विचारलं. अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"संध्याकाळी या की," अण्णा मला म्हणाले. "तयार असेल."

"येतो," म्हणालो, आणि चपला घालून बाहेर पडलो.